फाइल समोर होती, तरी गेम उघडेना

मित्रांनो, आज दुपारपासून डोकं फिरलंय.

वडिलांची बदली झाल्यापासून माझा मित्र ओंकार चेन्नईला असतो. रविवारी दुपारी ऑनलाइन एकत्र गेम खेळायचा, तेवढीच आमची भेट. आज मी गेम नव्याने इन्स्टॉल केला, तर उघडेचना. ‘फाइल सापडत नाही’ एवढाच मेसेज. फोल्डर पाहिला तर फाइल तिथेच! नाव अक्षर न् अक्षर जुळवलं, अँटिव्हायरस तपासला, गेम काढून परत टाकला. तरी तेच.

शेवटी ओंकारने फोनवर विचारलं, "यार, फोल्डरला नाव काय दिलंयस?"

"खेळ."

"मराठीत? अरे पंडित, त्या गेमला देवनागरी कळत नाही. इंग्रजीत कर!"

केलं. गेम लगेच उघडला. पण तोवर ओंकारची क्लासची वेळ झाली होती. "चलो, पुढच्या रविवारी," म्हणून त्याने फोन ठेवला.

इथे दिल्लीत घराबाहेर पडलं की सगळं हिंदीत. मराठी लिहिणं माझं या कॉम्प्युटरवरच होतं, म्हणून फोल्डरांची नावं मी हौसेने मराठीत ठेवतो.

मराठी नाव ठेवूनही गेम चालवायची युक्ती कुणाला माहीत आहे का? असेल तर रविवारच्या आत सांगा.