तिने स्वतःला घातलेले श्रुतलेखन

आमच्या विधी महाविद्यालयात नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांची एक तुकडी आहे. दवाखान्यात काम करणारे, कारखान्यातून पाळी संपवून येणारे, सरकारी कचेरीतले आणि मुले मोठी झाल्यावर पुन्हा पुस्तक हाती घेतलेल्या गृहिणी, असे सगळे तिच्यात असतात. या तुकडीची सत्र परीक्षा घरून, संगणकावर घ्यायचे ठरले तेव्हा सूचना लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. कायदा शिकवू लागण्यापूर्वी मी काही वर्षे मराठी शाळेत शिकवत असे. सूचना अशी लिहावी की ती वाचल्यावर कुणाला शंका विचारायला यावे लागू नये, हे मी तिथे शिकले होते.

पद्धत अशी होती. विद्यार्थ्याने आपले ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरायचे. मग लॅपटॉप हातात घेऊन खोलीच्या चारही भिंती, टेबलाखालची जागा आणि दार दाखवायचे. एवढे झाले की प्रश्नपत्रिका उघडे आणि संगणकावरचे बाकी सगळे बंद होई. पुढचे तीन तास कॅमेरा पाहत राही आणि मायक्रोफोन ऐकत राही. खोलीत दुसरा चेहरा दिसला किंवा बोलण्याचा आवाज आला, की चित्रीकरणाखालच्या हिरव्या वेळपट्टीवर त्या क्षणाला लाल खूण पडे. परीक्षा संपल्यावर ज्यांच्या नावापुढे फार लाल खुणा असतील, त्यांचे चित्रीकरण आमची तिघांची समिती बसून पाही.

मला ते खोली दाखवणे मनापासून आवडे, हे सांगायला हरकत नाही. वर्गात जे विद्यार्थी केवळ हजेरीचे क्रमांक असतात, त्यांच्या भिंती त्या निमित्ताने दिसत. कुणाच्या खुंटीवर मुलाचा गणवेश असे, कुणाच्या पलंगाखाली धान्याचे डबे. कोथरूडच्या एका गृहस्थांनी दार दाखवताना दाराबाहेर बसलेली मांजर आत घेतली आणि तिचीही चौकशी व्हावी अशा गंभीरपणाने तिला कॅमेऱ्यासमोर धरले. लाल खुणा बहुतेक निरुपद्रवी असत. कुकरची शिट्टी, शेजारचा टीव्ही, भंगारवाल्याची आरोळी. आम्ही त्या पाहून पुसून टाकत असू.

पण पुराव्याच्या कायद्याच्या पेपराला एका विद्यार्थिनीच्या पट्टीवर इतक्या लाल खुणा पडल्या, की पट्टीचा मूळचा हिरवा रंग शोधावा लागला.

ती शेवटच्या वर्षाला होती. विदर्भातल्या एका खेड्यातून आलेली, तिशीच्या आतबाहेरची. सदाशिव पेठेत एका दातांच्या दवाखान्यात रुग्णांच्या वेळा लावून देण्याचे काम करी आणि जवळच कॉट बेसिसवर राही. खोलीत तिच्यासोबत तिची एक मैत्रीण राहत होती, आणि अडचण इथेच होती. ती मैत्रीण आदल्याच वर्षी कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडली होती.

समितीत माझ्याखेरीज दोघे होते. एक आमचे परीक्षा प्रमुख, निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे आणि बोलले की टोचणारे. दुसरे संगणक विभागातले तरुण सहकारी. त्यांनी आवाज मोठा करून चित्रीकरण लावले. पडद्यावर तिचा खाली वाकलेला चेहरा होता. ओठ नीट दिसत नव्हते. ऐकू मात्र स्पष्ट आले, हलक्या, एका लयीतल्या बाईच्या आवाजात.

“जो पक्ष एखादी गोष्ट घडली असे म्हणतो… असे म्हणतो… स्वल्पविराम… ती सिद्ध करण्याची जबाबदारी… जबाबदारी… त्याच पक्षावर असते.”

मग कळा दाबल्याचा आवाज. मग तोच हलका आवाज, “झालं?”

आणि त्यावर आणखी हलके उत्तर, “हो.”

“घ्या,” परीक्षा प्रमुख म्हणाले. “एकजण सांगतेय, दुसरी लिहितेय. विरामचिन्हांसकट. इतकी व्यवस्थित कॉपी मी आयुष्यात पाहिली नाही.”

“सर, खोली दाखवली तेव्हा आत कुणी नव्हतं,” तरुण सहकारी म्हणाले. “पण नंतर दार उघडून कुणी आलं असेल तर कॅमेऱ्याला दिसणार नाही. दार त्याच्या मागच्या बाजूला आहे.”

“मैत्रीण कायद्याची पदवीधर आहे ना? मग प्रश्नच मिटला.”

नियमाप्रमाणे हा पेपर रद्द झाला असता, आणि गैरप्रकाराचा शेरा लागला असता तर पुढच्या वर्षीपर्यंत तिला परीक्षेला बसता आले नसते. वकिलीची सनद त्यानंतर. मी ते चित्रीकरण पुन्हा लावायला सांगितले, कारण त्या आवाजात मला काहीतरी ओळखीचे वाटत होते. वाक्य तोडण्याची जागा, तोडलेला तुकडा पुन्हा म्हणणे, शेवटचा शब्द किंचित लांबवणे. मी शाळेत असताना दर शनिवारी श्रुतलेखन घालत असे, ते याच चालीत. फळ्याकडे पाठ करून, बाकांच्या मधून फिरत. ज्याला उत्तर चोरून सांगायचे असते, तो घाईने सांगतो. हा आवाज घाईत नव्हता. तो लिहिणारीची वाट पाहत होता.

एका ठिकाणी तर तो चुकला. “सिद्ध करण्याचा अधिकार,” असे म्हणून थांबला, आणि मग म्हणाला, “अधिकार नाही. खोड.”

“सांगणाऱ्याला उत्तर येत असतं,” मी म्हणाले. “ही तर लिहिता लिहिता शोधतेय.”

“बाई, तुम्हाला शाळा आठवतेय,” परीक्षा प्रमुख म्हणाले. “मला नियम आठवतोय. बोलावून घ्या तिला.”

ती दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून अर्धी रजा घेऊन आली. इस्त्रीचा पंजाबी ड्रेस, केस घट्ट बांधलेले, आणि बसायला सांगेपर्यंत उभी. आम्ही तिला तिचेच चित्रीकरण ऐकवले. ऐकताना तिच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा आश्चर्य अधिक होते. आपला आवाज बाहेर पडतो, हेच तिला ठाऊक नव्हते.

“मॅडम, मी कोणाशीच बोलत नव्हते जी,” ती म्हणाली. “मैत्रीण खाली अमृततुल्यमध्ये बसली होती. पेपर संपेपर्यंत. चहावाल्या काकांना विचारा, त्यांनी तिला दोनदा उठवायचा प्रयत्न केला.”

“मग ‘झालं’ कोण विचारतंय?” परीक्षा प्रमुखांनी विचारले.

“मीच.”

“आणि ‘हो’?”

ती खाली पाहू लागली. “तेही मीच.”

मग तिने जे सांगितले ते मी इथे माझ्या शब्दांत लिहिते, कारण तिने ते तुकड्यातुकड्यांनी, मध्येच थांबत सांगितले. तिच्या गावच्या शाळेत चार इयत्तांना मिळून एकच गुरुजी होते. ते मोठ्यांना गणित शिकवत असताना धाकट्यांना श्रुतलेखन घालण्याचे काम तिच्याकडे असे, कारण तिचे अक्षर चांगले होते आणि आवाज खणखणीत. पण ती स्वतःही इयत्तेत होतीच, तिलाही लिहायचे असे. म्हणून ती वाक्य सांगे, पोरांबरोबर आपल्याही पाटीवर लिही, “झालं?” म्हणून विचारी आणि सगळ्यांसोबत आपणही “हो” म्हणे. लिहिणे तिला असे आले. पुढे हाताने लिहिताना आवाज हळूहळू आत गेला होता. संगणकावर मराठी टंकायला लागल्यावर, कुठली कळ कुठे हे शोधताना, तो पुन्हा बाहेर आला.

“बाबा फोनवर रोज विचारतात, पेपर कसा गेला म्हणून,” ती म्हणाली. “या पेपराला मी त्यांना सांगितलं, लई चांगला गेला. पहिल्यांदाच असं सांगितलं.”

परीक्षा प्रमुखांनी चष्मा काढून पुसला. नंतर ते म्हणाले, “ठीक आहे. मानू आपण. पण मानून भागत नाही, दिसायला हवं. समोर लॅपटॉप आहे. याच प्रश्नाचं उत्तर पुन्हा लिहा. आम्ही ऐकतो.”

मला हे योग्य वाटले, आणि तिलाही. ती बसली, बोटे कळांवर ठेवली. आम्ही तिघे समोर. ती लिहू लागली, आणि एक शब्दही तिच्या तोंडून फुटला नाही. ओठ मिटलेले, मान ताठ. दोन ओळी झाल्या, तिसरी अडली, तिने ती पुसली. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. शेवटी तिने हात मांडीवर घेतले आणि पडद्याकडे नुसती पाहत राहिली.

“न बोलता लिहिता येतं की,” परीक्षा प्रमुख म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, हे मला नोंदवायला हवे.

ज्यांनी शाळेत शिकवले आहे त्यांना हे ठाऊक असते. साहेब तपासणीला आले की कविता तोंडपाठ असलेले मूल मुके होते. त्या वेळी मुलाला विचारून काही उपयोग नसतो. साहेबांना चहाला न्यायचे असते.

“सर,” मी म्हणाले, “आपण तिघेही बाहेर जाऊ. ती परीक्षा देते तशीच देऊ दे. दार बंद, फोन आपल्याकडे, कॅमेरा चालू. आपण शेजारच्या खोलीत पडद्यावर पाहू. इथे तर मैत्रीण यायचा प्रश्नच नाही.”

तरुण सहकाऱ्यांनी लगेच जोडणी केली. मी तिला एवढेच सांगितले, “घाई नाही. जसं लिहितेस तसं लिही.” आणि दार ओढून घेतले.

शेजारच्या खोलीत आम्ही तिघे एका छोट्या पडद्यापुढे खुर्च्या ओढून बसलो. ती तशीच बसून होती. तिने एकदा बंद दाराकडे पाहिले. ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले. मग पुढे वाकली. पहिले काही शब्द नुसत्या कळांचेच होते. माझ्या मनात आले, की आता जर ही बोललीच नाही, तर खरे सांगूनही हिचे वर्ष जाईल.

आणि मग, अगदी हलक्या आवाजात, “आरोपीला मात्र… मात्र… आपले निर्दोषत्व… जोडून लिही… सिद्ध करावे लागत नाही.”

कळांचा आवाज. थोडी उसंत.

“झालं?”

“हो.”

तरुण सहकारी हसू दाबत माझ्याकडे वळले. परीक्षा प्रमुखांनी पडद्यावरची नजर हलवली नाही. बराच वेळ ऐकून ते म्हणाले, “सांगणारीही छान सांगते आणि लिहिणारीही छान लिहिते. आता दोघींनाही पास करावं लागणार.”

त्याच दुपारी त्यांनी स्वतःच्या अक्षरात अभिप्राय लिहिला आणि तिच्या पट्टीवरच्या सगळ्या लाल खुणा पुसायला सांगितल्या.

एक पेपर अजून बाकी होता, आणि सॉफ्टवेअर काही समितीचा अभिप्राय वाचत नव्हते. तिला घरून बसवले असते तर पुन्हा तेच झाले असते. गप्प राहून लिही, असे सांगणे सोपे होते. पण तिचे गप्प राहून लिहिणे आम्ही पाहिले होते. मी सूचनांमध्ये एक वाक्य वाढवले, की ज्यांना उच्चारून लिहिण्याची सवय आहे त्यांनी आधी कळवावे. त्यांची परीक्षा महाविद्यालयात, स्वतंत्र खोलीत, पर्यवेक्षकासमोर होईल. वाटले होते, एकटी तीच कळवेल. कोथरूडच्या मांजरवाल्या गृहस्थांनीही कळवले. ते म्हणे लिहिताना स्वतःवर रागावतात. त्यांना आम्ही दुसरी खोली दिली.

तिच्या खोलीत मी बसले. ठरवून तिच्या मागे, खिडकीपाशी, म्हणजे तिला मी दिसणार नाही. सुरुवातीला तिचा आवाज येईना. मी पुस्तक उघडले आणि पाने जरा मोठ्याने उलटली, इथे कुणी ऐकत नाही असे वाटावे म्हणून. थोड्या वेळाने ती कुजबुजू लागली. पहिल्या प्रश्नाच्या शेवटी कुजबुज गेली आणि आवाज आला. बाहेर रस्त्यावर दुचाक्यांची गर्दी होती, आत ती स्वतःला कायदा सांगत होती. सावकाश, तुकडे पाडत, अवघड शब्द दोनदा म्हणत. कधी “थांब जरा,” असे स्वतःलाच म्हणे, आणि थांबे. मधे एकदा तिने फार सुंदर वाक्य सांगितले आणि ते तिचे तिलाच इतके आवडले, की पुन्हा म्हणून पाहिले. मी पुस्तकाचे पान उलटायचे विसरले होते.

वेळ संपायच्या आधी तिने उत्तरपत्रिका वरपासून वाचली, सादर केली, आणि लॅपटॉप मिटून मागे वळली. तेव्हा कुठे तिला माझी आठवण झाली असावी. एकदम ओशाळली.

“मॅडम, फार आवाज झाला का जी?”

“शेवटच्या बाकावर बसले होते मी,” मी म्हणाले. “सगळं ऐकू आलं.”

ती हसली, पिशवी खांद्याला लावली, आणि जिना उतरतानाच तिने घरी फोन लावला. “बाबा, जय भीम,” एवढे ऐकू आले. पुढचे ती इतक्या भरभर सांगत होती, की मला ते पकडता आले नाही.