सोंगाड्यांची काळी शिलाई

सोंगाडे टेलरना मी पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा ते दुकानाच्या दारात कुणाच्या तरी कोटाची बाही तोंडाला लावून हत्ती झाले होते. गल्ली हसत होती. आतून त्यांची बायको ओरडली, "अहो, पुरे ती सोंगं! गिऱ्हाईक आलंय."

सोंगाडे हे त्यांचं आडनाव नव्हे. मुखवटे चढवून गल्लोगल्ली नाचणाऱ्यांना जुनी माणसं सोंगाडे म्हणत. तरुणपणी हे तसल्याच एका मेळ्यात होते. मेळा मोडला, मुखवटे उंदरांनी खाल्ले, नाव तेवढं चिकटलं. हल्ली लोक हा शब्द लबाडाला वापरतात, ते मला पटत नाही. सोंग आहे हे बघणाऱ्याला ठाऊक असतं. ठाऊक नसलं की ते ढोंग. वर्गात मी हा फरक असाच सांगत आले.

गेल्या वर्षी त्यांनी माझा पांढरा ब्लाउज काळ्या दोऱ्यानं शिवला.

"हे काय हो?"

"नवी फॅशन, बाई!"

बायको खो खो हसली. "म्हातारचळ, दुसरं काय! परवा एकाच्या शर्टाला खिसा पाठीवर लावला."

मीही हसले. मग लक्षात आलं, ते माझ्याकडे नाही, माझ्या आवाजाच्या दिशेनं बघत होते.

पायरीपर्यंत सोडायला आले तेव्हा मी हळूच विचारलं, "किती दिसतं?"

"उजेड दिसतो. तिला बोलू नका, बाई. कळलं की कात्री काढून घेईल. मग मी कोण उरलो?"

"हे सोंग नाही, ढोंग झालं."

"आंधळ्याचं सोंग कुणीही आणेल. डोळसाचं आणून दाखवा की!"

"तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते."

"रविवारी सांगतो. नक्की."

शनिवारी कापड चाचपताना त्यांचा अख्खा तळहात तापलेल्या इस्त्रीवर टेकला.

दवाखान्याच्या बाकावर बायको माझा हात धरून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "ते ओरडले आणि मी हसले हो, बाई. म्हटलं, आता भाजल्याचं सोंग! वास आला तेव्हा उठले."

आता कात्री ती चालवते. ते शेजारी बसून डाव्या हातानं काजं चाचपतात आणि बटणं लावतात. सुईत दोरा ती ओवून देते.