मामांच्या नावापुढचं गाव

मामा लॉर्ड झाल्याचं कळलं तेव्हा आईनं पहिलं विचारलं, "म्हंजे त्याला नोकरी लागली का?"

मी धाराशिवला कॉलेजात इंग्रजी शिकवते, म्हणून घरात असले प्रश्न माझ्याकडंच येतात. मी सांगितलं, तिकडच्या संसदेच्या वरच्या सभागृहात त्यांना घेतलंय, नावाआधी लॉर्ड लागेल, पण ते त्यांच्यापुरतंच. लेकीकडं जाणार नाही.

"मग काय उपेग?" आई म्हणाली.

मामा आईचे धाकटे भाऊ. तरुणपणीच विलायतेला गेले. आधी दुसऱ्याच्या दुकानात काम, मग स्वतःचं दुकान, मग पुठ्ठ्याचे खोके बनवायचा कारखाना. मामी वारल्यावर घरात ते आणि त्यांची एकुलती लेक. यंदा दिवाळीनंतर दोघं जळकोटला आले. आईचं माहेर अन् सासर एकाच गावात, त्यामुळं उतरले आमच्याच घरी.

गावानं हायवेला बॅनर लावलं होतं, 'जळकोटचे लॉर्ड'. महादेवाच्या देवळापुढं सत्कार झाला. फेटा बांधून मामा बोलायला उभे राहिले, तेव्हा आता फर्डं इंग्रजी ऐकायला मिळणार म्हणून लोक सावरून बसले. मामा म्हणाले, "म्या इथलाच हाय. लई बरं वाटलं." अन् खाली बसले. टाळ्या वाजवाव्यात की अजून थांबावं, कुणालाच कळेना.

मामेबहिणीनं मला बॅनरवर काय लिहिलंय ते विचारलं. मी सांगितल्यावर तिचा चेहरा उतरला.

"पण ते जळकोटचे लॉर्ड नाहीत," ती इंग्रजीत म्हणाली. त्या पदवीला एखाद्या गावाचं नाव जोडतात म्हणे. मामांनी जोडलं होतं ते त्यांच्या पहिल्या दुकानाच्या गावाचं. ती लहान असताना त्याच गावातल्या गोऱ्यांनी त्यांच्या दुकानाच्या काचा फोडल्या होत्या, दारावर शिव्या लिहिल्या होत्या. मामी त्या पुसत बसायच्या. "आई त्या गावाला मरेपर्यंत भीत राहिली. आणि बाबांनी तेच नाव घेतलं." म्हणून लॉर्ड होण्याच्या समारंभाला ती गेलीच नव्हती.

संध्याकाळी जेवताना तिनं हेच पुन्हा काढलं, अन् मला म्हणाली, आत्याला सांग. मी आईला मराठीत सांगितलं. आईचा घास हातातच राहिला.

"खरं का रं? आपल्या गावाचं का न्हाय लावलंस?"

"अक्का, त्याच गावात पोट भरलं की."

"अन् काचा कुणी फोडल्या?"

"त्याच गावानं." मामा ताटातल्या शेंगाचटणीत बोट फिरवत राहिले. "मला बी नीट सांगता येईना. नाव विचारलं, अन् तोंडातून तेच आलं."

मग आई कानडीत बोलायला लागली. दोघा बहीणभावांची लहानपणची बोली ती. आम्हाला कधी शिकवलीच नाही. बराच वेळ बोलत होती. मधेच मामा हसले, मग डोळे पुसले. मामेबहीण माझी ओढणी ओढून विचारत होती, "काय म्हणतायत?" अन् मला त्यातलं 'अव्वा', म्हंजे आई, एवढं सोडून काही कळत नव्हतं.

मामेबहीण उठली. मला वाटलं, रागानं आत जाईल. पण ती मामांना खेटून बसली अन् त्यांच्याच ताटातली भाकरी मोडून खाऊ लागली.

दोघं विलायतेला परत गेल्यावर मी आईला विचारलं, काय बोललात? एकदा म्हणाली, "चांगलं झापलं त्याला." दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाली, "लावलंस ते बरं केलंस, म्हणलं." त्यातलं खरं कुठलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मामांचं सभागृहातलं पहिलं भाषण ऐकायला मामेबहीण मात्र गेली. पुढं एकदा सभागृहात दुसऱ्याच कुणाचं भाषण चालू असताना टीव्हीवर मामा दिसले, त्याचा फोटो तिनं पाठवला. लाल गादीच्या बाकावर मामा मान खाली घालून बसलेत. आई फोन घेऊन माझ्याजवळ आली.

"हा ऐकाय लागलाय का झोपलाय?"

मी फोटो मोठा करून बघितला. डोळे उघडेत का मिटलेत, ते त्यात दिसतच नव्हतं.