काळ्या पिल्लाची पांढरी मुळं

थाटीपुरच्या काकू नसत्या तर हे लिहायला माझ्याकडे काही नसतंच. त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या ग्वाल्हेरचं. मराठी बोलता बोलता हिंदीत कधी शिरतात ते त्यांनाही कळत नाही. मी आटपाडीकडची, आठवीतून शाळा सुटलेली. नवरा इथे सोनं-चांदी गाळायच्या दुकानात लागला, म्हणून माधवगंजात बिऱ्हाड केलं. काकूंची पर्शियन मांजरं विंचरायचं काम मिळालं तेव्हा मांजर म्हणजे दूध सांडणारं, एवढंच मला ठाऊक.

रंग काकूंनी शिकवले. राखाडी दिसतं त्याला ब्लू म्हणायचं, फिकट पिवळसर ते क्रीम, काळ्या-तांबड्या ठिपक्यांची ती टॉर्टी आणि ती बहुतेक मादीच, वरून गडद पण केसाचं मूळ पांढरं तो स्मोक. मी ते कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून पाठ केलं.

गेल्या हिवाळ्यात चंदेरी मांजरीचं एक पिल्लू मांजरांच्या शोमध्ये न्यायचं ठरलं. दिसायला कुळकुळीत काळं. फॉर्मवर रंग चुकला तर पिल्लू चुकीच्या गटात जातं आणि परीक्षकाच्या टेबलावरून परत येतं. काकूंचा भाचा फॉर्म भरत होता. काकू म्हणाल्या, "काळा लिही."

मी तेव्हा पिल्लू विंचरत होते. माहेरी आमच्या मेंढ्या. मेंढी घ्यायच्या आधी बाबा मानेवरची लोकर बाजूला करून फुंकर मारायचे, मूळ बघायचे. हाताला तीच सवय. फुंकर मारली. टोकं काळी, मुळं दुधासारखी पांढरी.

बोलावं का? तीस वर्षं मांजरं पाळणाऱ्या बाईला मी चूक दाखवायची? त्यांनी उद्यापासून येऊ नको म्हटलं तर नवऱ्याशिवाय या गावात दुसरं कोण होतं मला? पण पिल्लू परत आलं असतं तर मान काकूंचीच खाली गेली असती.

"काकू, काळा नका लिहू. हा स्मोक वाटतोय."

भाचा हसला. "लो, अब ये बताएंगी! मौसी, ही मेंढी समजते याला."

काकूंनी चष्मा लावला, पिल्लू मांडीवर घेतलं आणि स्वतः फुंकर मारली.

"अगं, सही आहे! आई चंदेरी, म्हणजे पिल्लू स्मोक असू शकतं, तरी माझ्या डोक्यात आलं नाही." मग भाच्याला म्हणाल्या, "हस आता. मेंढीवालीनंच पकडलं. फॉर्म तिला दे."

"मला? काकू, माझं अक्षर..."

"तू टेन्शन नको घेऊ. रंग तू ओळखलास, तूच लिहिणार."

आठवीनंतर सहीशिवाय दुसऱ्यानं वाचायचं असं मी काहीच लिहिलं नव्हतं. 'ब्लॅक स्मोक' हे दोन शब्द कॅलेंडर आठवून आठवून लिहिले. फॉर्म सरकू नये म्हणून भाच्यानं तो धरून ठेवला.

शोमध्ये परीक्षकांनी पिल्लू उचललं, मानेवर फुंकर मारली, अगदी बाबांसारखी, आणि मान डोलावली. दुसरा नंबर आला. काकू भेटेल त्याला सांगत होत्या, "रंग हिने पकडा!" मी पदर चावत उभी होते, पण ऊर भरून आला होता. रिबनचं फूल काकूंनी माझ्याच हातात दिलं. ते आमच्या खोलीत देवाशेजारी आहे.

काकू, एक दिवस माझ्या घरी माझ्या मांजरीला पिल्लं होतील. त्यांतलं पहिलं स्मोक पिल्लू तुमचं. फॉर्म मीच भरेन, कॅलेंडर न आठवता, आणि मालकाच्या जागी तुमचं नाव लिहीन.