दोरीचे दोन हिसके

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, आणि खरं सांगायचं तर वाचता वाचता मनातल्या मनात खोडून काढतो. तीसेक वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. सावली कुठून पडते, का पडते, हे मुलांना समजावून सांगण्यात आयुष्य गेलं. भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही आहे असं म्हणवत नाही. तरी लिहितोय... कारण हा अनुभव सांगायचा म्हणजे एक कबुली द्यावी लागते, आणि ती मी फार वर्षं टाळली.

आमचं गाव जळकोटपासून दोन कोसांवर. जळकोट तेव्हा तालुका झालेलं नव्हतं, आणि लातूर नुकतंच उस्मानाबादेतून वेगळं होऊन जिल्हा झालं होतं. त्या वर्षांत पाऊस जवळजवळ नव्हताच. गावातल्या तिन्ही विहिरींचे तळ दिसत होते. टँकर यायचा तो दिवेलागणीला, तोही आला तर.

आमच्याकडे नरसिंह जयंतीला सोंग निघायचं. मुखवटा करायचं काम आमच्या घराकडे. वडिलांनंतर ते माझ्याकडे आलं, मी बावीस वर्षांचा असताना. मातीच्या साच्यावर रद्दी कागद आणि जुन्या धोतराची फडकी यांचे थर द्यायचे, चिंचोक्याच्या खळीनं चिकटवायचे. आत कामट्यांची टोपी, कपाळाला आणि कानशिलांना कापसाच्या गाद्या. सिंहाचं तोंड परातीएवढं. डोकं हललं तर तेही हललं पाहिजे, पण डोक्यावर फिरता कामा नये. सगळी कसरत ती बांधण्याची. एक पट्टी हनुवटीखालून, एक मानेमागून, आणि दोन्हींची मिळून मागं एक गाठ.

वडिलांचा एक नियम होता. जो मुखवटा बांधील त्यानंच तो सोडायचा, आणि सोडेपर्यंत त्यानं तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही. "त्याचा जीव तुझ्या गाठीत हाय. त्याला तहान लागली ते तुला कळाया पायजे," म्हणायचे.

नरसिंह व्हायचा माझा दोस्त बसू. त्याचं किराणा दुकान होतं. घरचे लोक कट्टर शंकराचे. त्याची आई दर वर्षी दुकानाच्या ओट्यावरून ओरडायची, "गळ्यात लिंग आन् डोस्क्यावर इष्णू! कुठं फेडशील रं?" बसू म्हणायचा, "आई, आत शंकरच हाय, वरून निस्ता कागद हाय."

आदल्या वर्षी घोटाळा झाला होता. मी पट्टीला सुरगाठ मारलेली. ऐन गर्जनेला ती सैल पडली आणि मुखवटा फिरला. सिंहाचं तोंड बसूच्या खांद्याकडे. लोक पोट धरून हसले. हिरण्यकश्यपू करायचे गुंडेरावमामा, ते तर गदा टाकून खाली बसले. "नरसिंव्हा, म्या हिकडं हाय बाबा! तिकडं कुनाला बघून राहिलास?" वर्षभर मला गावातून जाताना हेच ऐकावं लागलं.

म्हणून त्या वर्षी मी निरगाठ मारली. वर खळीचा जाड थर दिला, अंगठ्यानं एकदा दाबला आणि वाळू दिला. पात्यानं कापल्याशिवाय सुटणार नाही अशी.

दुसरं म्हणजे, त्या वर्षी मी खांब केला. कामट्यांचा सांगाडा, वरून कागद, दगडी खांबाचा रंग. बसूला आत उभं करून समोरची फट कागदानं चिकटवून टाकायची. मामा लाथ मारणार, खांब फाटणार, नरसिंह बाहेर. शाळेच्या दगडी ओट्यावर मधोमध तो उभा केला. आतून काही लागलं तर म्हणून खालच्या भोकातून एक सुतळी काढली आणि सतरंजीखालून माझ्यापर्यंत, पडद्याआड आणली. दोन हिसके म्हणजे — मला बाहेर काढ.

सोंग एरवी सूर्य कलल्यावर होतं. त्या वर्षी नव्या जिल्ह्याचे कुणी साहेब दुष्काळी कामं बघायला येणार होते आणि त्यांना दुपारचीच सवड होती. गावाला एक बोअर हवा होता. सगळ्यांनी ठरवलं, साहेबांना सोंग दाखवू, मग मागू.

दुपारी दोनला बसूला बांधून आत उभं केलं. फट चिकटवायच्या आधी तो म्हणाला, "दत्त्या, घोटभर पाणी दे की."

"आता न्हाई. मुखवटा सोडावा लागंल. पाच मिन्टाचं काम हाय."

साहेब आले अडीचला. मग हार, मग भाषणं. सरपंच बोलले, आणखी दोघं बोलले. वैशाखाचं ऊन पत्र्यासारखं तापलेलं. पडद्याआड माझ्याजवळ पाहुण्यांसाठी भरून ठेवलेला माठ होता, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. साहेब बोलायला उभे राहिले आणि मी एक पेला भरून घेतला.

सुतळी डाव्या हातात होती, पेला उजव्या हातात. पेला ओठाला लागला आणि सुतळीला हिसका बसला. एक... आणि दुसरा.

मी पाणी पीत राहिलो. पेला संपवला.

साहेब तेवढ्यात बोअरबद्दल बोलायला लागले होते. पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगितलं, की मध्येच जाऊन खांब फाडला असता तर गावाचं पाणी गेलं असतं. पण ते खरं नाही. बोअरचा विचार मला नंतर सुचला. त्या क्षणी मला फक्त माझा खांब फुटताना बघायचा होता. वर्षभर हसलेल्या लोकांची तोंडं बघायची होती.

थोड्या वेळानं पुन्हा दोन हिसके आले, पण अगदी हलके. मग सुतळी ढिली पडली. मी ओढून बघितली. पलीकडून काहीच आलं नाही. तरी मी गेलो नाही. साहेबांचं भाषण आणखी पंधरा-वीस मिनिटं चाललं असेल.

टाळ्या वाजल्या. मामांनी मिशीवर ताव देत लाथ घातली. आतून बसू कोसळणार या भीतीनं मी डोळे मिटून घेतले...

आणि गर्जना ऐकू आली. बसू बाहेर आला तो उडी मारूनच. असा नाचला की मामा खरोखर घाबरून मागं सरले. मुखवटा तसूभर हलला नाही. बायाबापड्यांनी हात जोडले. साहेबही उठून उभे राहिले.

पडद्याआड आल्यावर मी पात्यानं पट्ट्या कापल्या. बसूचं तोंड लालबुंद होतं, पण हसरं. त्यानं माझे दोन्ही हात धरले.

"दत्त्या, तू आला नसतास तर आज मेलो असतो बघ."

मी म्हणालो, "कुठं आलो?"

"खांबात! आन् कुठं? डोळ्यापुढं अंधार आला, गुडघे गेले. मग तू आलास. गाठ सोडलीस, पानी पाजलंस, परत बांधलंस. कुठून आनलंस रं पानी? गुळचट व्हतं, जरा खारट." मग डोळे मिचकावून, "पर हात कसले थरथरून राहिलते तुझे, म्हाताऱ्यावानी! आन् रडत का व्हतास?"

खांबाची फट चिकटवलेली होती. मामांच्या लाथेपर्यंत तिच्यावरचा कागद अखंड होता, हे दोनशे माणसांनी पाहिलंय. खाली दगडी ओटा. गाठ माझ्या हातात होती, खळीच्या थरासकट, जशीच्या तशी.

मुखवटा उलटा केला. हनुवटीची गादी भिजून चिंब. घाम असणार, दुसरं काय? मी बोट लावून जिभेला लावलं. खारट लागलं... आणि मागून गोड.

तेव्हाच सांगायला हवं होतं. बसू वाट बघत होता, मी काय म्हणतो याची. मी म्हणालो, "हाटेलातून आनलं."

त्या दोन शब्दांवर मी पुढची तेहतीस वर्षं काढली. बसू ज्याला त्याला सांगायचा, "ह्यानं मला जीवदान दिलं." त्याच्या लग्नात मला नवरदेवाशेजारी बसवलं. मुलीचं नाव मला ठेवायला लावलं. गावाला बोअर मिळाला, पाणीही लागलं. मी मात्र नोकरी लागताच नांदेडला आलो आणि मुखवट्याला पुन्हा हात लावला नाही. बसूच्या घरी पाण्याचा तांब्या पुढं आला की तो मी तसाच मागं सारायचो.

परवाच्या दुष्काळात त्याला नांदेडला दवाखान्यात आणलं. जुलाबानं अंगातलं पाणी गेलं होतं. दुपारची वेळ. त्याची मुलगी औषध आणायला खाली गेली होती. जाताना माझ्याकडे वाटी देऊन म्हणाली, "काका, दर पाच मिनिटाला एकेक चमचा पाजा." मीठ-साखरेचं पाणी होतं ते.

मी तीन चमचे पाजले आणि राहवेना.

"बसू, त्या दिवशी मी आलो नव्हतो. दोरी हलली, ते मला कळलं व्हतं. मी पानी पिऊन राहिलो व्हतो रे. तुला द्यायचं ते सोडून मीच पिऊन राहिलो व्हतो."

तो डोळे मिटून पडलेला. मग त्यानं तोंड उघडलं, पुढच्या चमच्यासाठी. मला समोरचं नीट दिसत नव्हतं, हात थरथरत होते. चमचा दातांवर वाजला आणि पाणी त्याच्या हनुवटीवरून गळ्यात ओघळलं. मी ते उपरण्यानं पुसायला लागलो.

"आला नव्हतास म्हनतोस," बसू हळूच म्हणाला. त्यानं ओठांवरून जीभ फिरवली, पुन्हा फिरवली. मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. "मंग हे कुनी पाजलं व्हतं?"

माझ्या हातातला चमचा खाली पडला.

"असंच सांडलं व्हतं तवाबी," तो म्हणाला. "आन् असाच रडत व्हतास."

बसू बरा होऊन गावाकडे गेला. अजूनही भेटेल त्याला तीच गोष्ट सांगतो, मी दिलेली कबुली मात्र कुणाला सांगत नाही. का सांगत नाहीस, असं विचारलं तर म्हणाला, "पानी पाजलंस ना? मंग झालं." मला माफ केलं का, ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारू शकलो नाही.

एका डॉक्टर मित्राला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, उष्म्यानं माणसाला भास होतात, आणि आठवण पुढच्या प्रसंगाप्रमाणे बदलत जाते. पटण्यासारखं आहे. पण चव बसूनं मला त्याच दिवशी, पडद्याआड सांगितली होती. माझ्या जिभेवरही ती होती... मग ती कुठली?

ती गाठ माझ्या टेबलाच्या खणात आहे. परवा भिंग घेऊन पाहिली. कापलेल्या पट्ट्यांची टोकं उसवून धागे झालेत. खळीचा थर पिवळा पडलाय, पण कुठंही तडकलेला नाही. त्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा आहे, मी ती बांधली त्या दुपारचा. एकच.