हत्ती दिलेला डाव

मायाप्पा गोरडला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो स्वतःच्या दोन्ही हातांवर बसला होता. सांगलीतल्या एका स्पर्धेचा हॉल, साठ-सत्तर पट मांडलेले, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर हा सतरा वर्षांचा शिडशिडीत पोरगा, तळवे मांड्यांखाली दाबून. मला वाटलं, थंडी वाजत असेल. सांगलीच्या मे महिन्यात कसली डोंबलाची थंडी! डाव संपल्यावर न राहवून विचारलं, तर म्हणाला, "हात मोकळा सोडला की मेंढरागत दुसऱ्याच्या पिकात शिरतोय, आण्णा. डोकं येईस्तवर दाबून धरायचा."

गडी वडूजकडचा. घरी मेंढरं आणि थोडी जिरायती जमीन. शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांनी मधल्या सुट्टीत पट शिकवला आणि महिन्याभरात मास्तरच हरायला लागले. मी त्याच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा. सांगलीत माझं पंपाच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरायचं, रिवाइंडिंगचं दुकान, आणि बुद्धिबळाचा नाद इतका की बायको गिऱ्हाइकाला सरळ सांगायची, "हे पटावर बसलेत, उद्या या." स्पर्धेला आला की मायाप्पा आमच्याकडेच उतरायचा. जेवताना माझे जुने डाव उकरून काढायचा. "तीन वर्सामागं तुमी उंट मागं घेतला तो का घेतला?" आता मला परवाची भाजी आठवत नाही! चुकलं असेल बाबा, म्हटलं तर पिच्छा सोडायचा नाही. "चुकलं म्हंजे कसं चुकलं? चाल काय आपल्या पायानं चालत जाती व्हय?" मी तापट माणूस. एकदा आमटीची वाटी ढकलून उठलो होतो. तो मात्र शांतपणे भाकरी मोडत उत्तराची वाट बघत बसला.

त्याला ग्रँडमास्टर व्हायचं होतं. त्यासाठी तीन मोठ्या स्पर्धांत ठरलेली कामगिरी करावी लागते, तिला नॉर्म म्हणतात. चोविसाव्या वर्षी त्याचे दोन नॉर्म झाले होते, बाकीच्या अटीही पुऱ्या झाल्या होत्या. तिसरा नॉर्म सांगलीतच होणार असं दिसत होतं. परदेशी खेळाडू आलेली मोठी स्पर्धा होती. शेवटच्या फेरीत त्याला नुसती बरोबरी पुरेशी होती. एका कंपनीनं तोंडी सांगून ठेवलं होतं, किताब आणा आणि नोकरीवर रुजू व्हा. आणि त्या शेवटच्या फेरीत त्याच्यासमोर कोण आलं? मी! त्या वर्षी मला काय चावलं होतं कोण जाणे, आयुष्यात खेळलो नाही असा खेळत होतो.

मी मनात ठरवूनच बसलो होतो. पोराचं भलं होतंय, आपल्याला काय जड आहे? बाविसावी चाल केली आणि रीतसर बरोबरी मागितली. आजूबाजूचे खेळाडू हसले, पंच मागे येऊन उभे राहिले, आता हात मिळवणार म्हणून. मायाप्पानं पटावरून नजर उचलली नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पाऊण तास तो माणूस दगडासारखा बसून होता. मग त्यानं हत्ती उचलला आणि माझ्या राजापुढच्या प्याद्यावर नेऊन ठेवला. फुकट दिला!  असली चाल मी जन्मात पाहिली नव्हती.

हत्ती मला घ्यावाच लागला. त्यानं शह दिला, पुन्हा शह दिला, माझा राजा घर सोडून उघड्यावर पळत सुटला. आता मी मुद्दाम हरायचं का, हा विचार येऊन गेला, खोटं कशाला सांगू. पण त्या चालीसमोर वेडंवाकडं खेळायची मला लाज वाटली. शोधत शोधत पळालो आणि माझा राजा पलीकडे सुखरूप पोचला. मायाप्पानं घड्याळ थांबवलं, हार मानून हात पुढे केला आणि म्हणाला, "झ्याक पळाला, आण्णा."

बाहेर पायरीवर त्याचे वडील बसले होते. मेंढरं भावाकडे सोपवून पहाटेच्या एसटीनं आले होते. बुद्धिबळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं.

"काय झालं वो?" त्यांनी मलाच विचारलं.

"हरला, आबा."

"कुनी हरीवलं?"

"मी."

 ते म्हणाले, "मग तुमी लय चांगलं खेळला आसाल." आणि भाकरीचं फडकं सोडून मलाही शेजारी बसवलं. 

मायाप्पावर मात्र मी फाडफाड बोललो. "गाढवा, बरोबरी देत होतो ना! नोकरी गेली, किताब गेला, डोकं फिरलंय का तुझं?"

"चाल दिसली व्हती, आण्णा," तो म्हणाला. "दिसल्यावर न दिसल्याचं सोंग कसं घ्यायचं? त्यो किताबाचा कागुद भितीला लावला आसता, तर रोज त्यात हीच चाल दिसली आसती. हत्ती बरोबर दिला व्हता. म्होरं कुटंतरी चुकलो. ते हुडकायला पायजे."

मी घरी येताच डाव कॉम्प्युटरमध्ये घातला. क्षणात उत्तर आलं. पोराचं बरोबर होतं! हत्ती दिल्यावर एक साधी, शांत चाल होती आणि मी खलास होतो. धावतच फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "तुमी मशिनीवर बघितलं आसंल. सांगू नगा. दुसऱ्यानं सांगितली की ती चाल त्येची हुती. मी पन बघनार न्हाई."

पुढची पाच वर्षं मी तोंड दाबून काढली. गावभर लोक त्याला येडा म्हणायचे, नातेवाईक म्हणायचे पोरगं वाया गेलं. माझ्या तोंडाशी यायचं, अरे, त्याचं बरोबर होतं! पण सांगणार नाही असा शब्द फोनवरच देऊन बसलो होतो. तो वडूजला पोरांना शिकवायचा, साध्या डब्यातून स्पर्धांना जायचा. दोनदा नॉर्म अर्ध्या गुणानं हुकला. तिसऱ्यांदा झाला. वडूजमध्ये मिरवणूक निघाली, हलगी वाजली, आबांना फेटा बांधून जीपमध्ये बसवलं. मी गर्दीतून वाट काढत त्याच्याजवळ गेलो, डोळे पुसत म्हटलं, "झालास रे ग्रँडमास्टर!" त्यानं वाकून माझ्या पाया पडता पडता कानात काय सांगावं? "आजून घावली न्हाई, आण्णा."

गळ्यात हार आणि डोक्यात अजून तीच चाल! 

त्यानंतर दोन वर्षांनी, भर दुपारी, मी पाण्याची एक मोटार खोलून बसलो होतो. फोन वाजला. ना नमस्कार, ना चमत्कार.

"आण्णा, घावली. हत्ती दिल्यावर शह द्यायचाच न्हाई. माजा राजा एक घर बाजूला घ्यायचा. बास. मांडा पट."

तारेची गुंडाळी खाली टाकली आणि हात पुसून पट मांडला. सात वर्षं माहीत असलेली चाल मी त्याच्या तोंडून ऐकून खेळलो. माझ्या राजाला जायला घर नव्हतं. अख्ख्या जिल्ह्यात मी 'ग्रँडमास्टरला हरवलेला माणूस' म्हणून मिरवत होतो, ते त्या दुपारी संपलं, आणि मला इतका आनंद कधी झाला नव्हता. मी माझा राजा पटावर आडवा केला.

"मायाप्पा," मी म्हणालो, "मी हरलो रे."

"व्हय, आण्णा," तो म्हणाला. "आता डाव संपला."