दान केलेल्या कन्सोलच्या कीज

माझ्या भावाचा गेम कन्सोल काकांनी तेराव्याला दान करून टाकला.

आज नितीनचं वर्षश्राद्ध. बऱ्याच महिन्यांनी इथे लिहितेय, माफ करा.

कपडे, चपला, गादी, त्यातच तो कन्सोल.
आईला म्हणाले, "वैनी, गेलेल्याच्या वापरातलं घरात ठिवू नये. जीव अडकतो."
आणि दिला कुणाला? स्वतःच्याच जावयाला. मानवतच्या दाजींना.

डायलिसिस सुरू झाल्यावर नितीनचं फिरणं संपलं. परभणीचा दवाखाना आणि पिंगळीचं घर, एवढंच.
उरलेल्या वेळात तो गेममध्ये एक घर बांधत बसायचा.
नातेवाईक म्हणायचे, "एवढा बाप्या माणूस अन् लेकरावानी खेळायलाय."

शेवटच्या फोनवर म्हणाला, "आक्का, झालं बघ घर. तुझीबी खोली काढलीय. लय भारी. रविवारी ये, दाखवतो."

रविवार त्याला मिळाला नाही.

गेमची प्रत आणि ते घर असलेलं सेव्ह त्याच्या लॅपटॉपवर आहे. पण कन्सोलशिवाय ते उघडायचं तर एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपवर कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्रॅम लागतो, आणि एम्युलेटरला डिक्रिप्शन कीज, म्हणजे गेमचं कुलूप उघडणारे कोड. त्या कन्सोलमधूनच काढाव्या लागतात; नितीनने काढलेल्या लॅपटॉपवर कुठेच नाहीत.
हे सगळं मी या वर्षात वाचून वाचून शिकले.
स्क्रीनवर दर वेळी तेच: कीज सापडल्या नाहीत.

काल दाजींना फोन केला.

"आक्का, दान दिलेलं वापस मागायलाव? शिकल्या-सवरल्या तुमी!"
"परत नको. एक दिवस द्या."
"आमी तर कवाच रिसेट केलाय त्याला. काय न्हाई त्यात आता."
"रिसेटनं कीज जात नाहीत, दाजी."
"मग नेटवर पडलेल्या असतेत की. घ्या कुणाच्याबी!"

कुणाच्याही चालतात, हे खरं आहे.
तेच जास्त लागलं.

नितीन तशा घ्यायचा नाही. "आपल्या मशीनच्या आपण काढाव्या, आक्का. दुसऱ्याच्या उचलल्या की चोरीच ती."

पण हा माझा प्रामाणिकपणा आहे, की काकांच्या कानावर जाईल अशा रीतीनं ती वस्तू परत मागायचीच आहे मला?
दोन्ही असावं.
आज पंगतीत काका सगळ्यांना आग्रहाने वाढत होते. मी मान वर केली नाही.

नितीन, निरोप आज देत नाही. आधी घर बघते.

उद्या: मानवतला जाऊन कन्सोल मागणे.